उंबरठ्याला पाणी लागणार नाही

२० मे, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. कोणाला दाखवायला नाही, माझ्या स्वतःच्या रेकॉर्डसाठी. पोलीस पाटील होतो तोवर गावाची नोंद ठेवली, आता रिटायर झालो तर स्वतःची ठेवू.

आज आमच्या करंजटोल्यातलं, आमचं सोडून, शेवटचं बिऱ्हाड गेलं. ट्रॅक्टरवर पलंग, पलंगावर टीव्ही आणि टीव्हीला धरून म्हातारी. सगळे तिकडे हायवेजवळ नव्या वसाहतीत. म्हणे गोसीखुर्द धरणाचं पाणी यंदा फुल लेव्हलला येणार आणि गाव बुडणार. बुडू दे. माझं घर बुडणार नाही. मागच्या आखाडीला, आषाढ पौर्णिमेला, गावदेवी मातामाय कवडूच्या अंगात आली, तेव्हा मी समोर बसून सरळ विचारलं होतं, माय, पाणी आलं तर माझ्या घराचं काय. माय म्हणाली, "टेकचंद, तुझ्या उंबरठ्याले पानी लागनार नाही." ढोलवाल्यासकट सगळ्यांनी ऐकलं. याला गॅरंटी म्हणतात. बाकी कोणाला मिळाली नाही, कारण बाकी कोणी बकरा दिला नव्हता.

बायको, चंद्रभागा, म्हणते, ज्याच्या तोंडून माय बोलली तो कवडूच सगळ्यात आधी घर सोडून गेला. बायकांना फरक कळत नाही. नळातून पाणी येतं म्हणून नळाला पाण्यातलं काय कळतं?

२६ मे, रविवार
मोटरसायकलने नव्या वसाहतीत जाऊन आलो. सहज. कवडूने स्लॅब टाकला आहे, त्याला गुलाबी रंग दिला आहे. एकेकाळी याला मोहाची दारू गाळताना मी पोलिसांना धरून दिलं होतं. आता फरशीवर अनवाणी फिरतो आणि मला सांगतो, पाटील, चप्पल बाहेर.

त्याला म्हटलं, मागच्या आखाडीचं सगळ्यांसमोर एकदा बोल. तर म्हणाला, "माय अंगात असते तवा मी नसतो, पाटील. तोंडातून का निघालं मले का मालूम." मला समाधान वाटलं. यावरून सिद्ध होतं की बोलली ती मायच. कवडूने बनवून सांगितलं असतं तर त्याला आठवलं असतं.

माझ्या नावाचा कोपऱ्यातला प्लॉट पडून आहे असं तिथल्या लोकांनी सांगितलं. म्हटलं, मला नको, गावाला जे करायचं ते करा. तसं पुनर्वसनाच्या साहेबाला लेखीपण देऊन टाकलं. जागा खोलगट आहे, शिवाय चौकातून गेलो तर ओट्यावर बसलेल्यांपैकी एकही उठला नाही. जुन्या गावात मी दिसलो की लोक बिडी विझवायचे. तिथे मी राहू? काहीही.

६ जून, गुरुवार
सकाळी ढोल ऐकून वाटलं, पस्तावले, परत आले. देवीला न्यायला आले होते. सगळं गाव, ठेवणीतले कपडे, ट्रॅक्टर धुतलेला.

मी आडवा उभा राहिलो. मायला विचारल्याशिवाय तिचा दगड हलत नाही, ही रीत आहे. चिमूटभर तांदूळ तिच्यापुढे ठेवायचे आणि दाणे जोडीजोडीने बाजूला करायचे. सगळ्या जोड्या लागल्या तर होकार, एक दाणा एकटा उरला तर नकार. कवडूने चिमूट टाकली. जोड्या लागल्या. मी म्हटलं हा तांदूळ नव्या गावचा, हा चालणार नाही, माझ्या घरचा आणा. चंद्रभागा पळत जाऊन घेऊन आली. इतक्या लवकर ती मला चहासुद्धा देत नाही. पुन्हा जोड्या. मग म्हटलं, चिमूट मी टाकतो. टाकली. तरी जोड्याच लागत चालल्या, म्हणून शेवटचा दाणा मी अंगठ्याखाली धरला. ढोलवाल्याने पाहिलं. मोठ्या मनाने त्याने फक्त माझा अंगठा उचलला.

मायला ट्रॅक्टरवर बसवलं. बायका रडल्या, चंद्रभागा सगळ्यांत जास्त. ट्रॅक्टर दिसेनासा झाला तरी तिथेच उभी. मग मला विचारते, "माय गेली ना जी, मंग आपन कायले थांबलो?" काही प्रश्नांना उत्तर दिलं की ते वाढतात.

७ जून, शुक्रवार
शांतपणे विचार केला. निष्कर्ष असा, की दगड गेला, जागा राहिली. शक्ती जागेत असते. शिवाय माय तिकडे फक्त पाहणी करायला गेली असणार. सिमेंटचे रस्ते, एक धड झाड नाही, तिला पसंत पडणार नाही. दिवाळीपर्यंत परत.

तोवर नाल्यातून एक बरा दगड आणला, शेंदूर लावला, कडुनिंबाखाली ठेवला. टेम्पररी.

१८ जून, मंगळवार
विजेचे खांब काढून नेले. चांगलं झालं. माणूस लवकर झोपतो, लवकर उठतो. मोबाईलचं चार्जिंग भैय्यालालकडे होतं. भैय्यालाल म्हणजे ढीवर, पलीकडच्या उंचवट्यावर त्याची झोपडी आहे, धरणात डोंगा, म्हणजे छोटी होडी, घालून मासे धरतो. त्याच्या पोराने सोलरची प्लेट लावून दिली आहे. एका चार्जिंगमागे तो मला तासभर माशांबद्दल सांगतो.

चंद्रभागाच्या तक्रारी सुरू. गिरणी गेली, किराणा गेला, बोलायला एक बाई उरली नाही. काल दळण डोक्यावर घेऊन हायवेपर्यंत पायी गेली, आता गुडघा सुजला म्हणते. मोटरसायकलने का नाही नेलं, असं विचारलं नाही, पण त्या अर्थाने पाहिलं. पेट्रोल जपून वापरायला लागतं. तिला म्हटलं, पॉझिटिव्ह राहा.

आज दुपारी ती कोंबडीशी बोलत होती. गुड्डीबद्दल. कोंबडी मान वाकडी करून ऐकत होती. मला राग आला, खरं सांगायचं तर. नवरा घरात बसला असताना.

३० जून, रविवार
गुड्डीचा फोन. आमची एकुलती. चिखल्याला मॅंगनीजच्या खाणीच्या कॉलनीत राहते, जावई योगेंद्र खाणीत खाली उतरतो. पोरगी पोटुशी आहे, सप्टेंबर संपता संपता होईल. पहिलं बाळंतपण माहेरी. तर पोळ्याला तिला आणायचं, असं मी ठरवलं आणि जाहीर केलं.

योगेंद्र फोनवर आला. माहेर म्हणजे नेमकं कुठे, असं विचारतो. म्हटलं, जिथे तुम्ही वरात घेऊन आलात तिथे. लाईट आहे का? म्हटलं, व्यवस्था आहे. कंदील ही व्यवस्थाच आहे. दवाखान्याचं विचारलं. सांगितलं की भैय्यालालची आई पंचक्रोशीत नावाजलेली सुईण होती. ती आता वारली, पण हात घराण्यात उतरतो.

नंतर चंद्रभागा चाचरत म्हणाली, कवडूच्या बायकोने निरोप धाडला आहे, पोरीला आमच्याकडे आणा, समोरची खोली मोकळी आहे, दवाखाना जवळ आहे. मी ताट बाजूला सारलं. पोलीस पाटलाचं नातवंड मोहाची दारू गाळणाऱ्याच्या छपराखाली जन्मणार? विषय बंद. ताट परत ओढलं, कारण भाजी चांगली होती.

११ जुलै, गुरुवार
पाऊस. नदीकाठच्या धानाच्या बांध्यांमध्ये पाणी भरलं. चंद्रभागा म्हणते धरणाचं. मी जाऊन पाहिलं. पावसाचं आहे, रंगावरून कळतं.

१५ जुलै, सोमवार
पाऊस थांबून तीन दिवस झाले, पाणी वाढलं. म्हणजे जमिनीतून वर येत असणार. तरीही धरणाचं म्हणता येणार नाही.

२१ जुलै, रविवार. आखाडी
आज मायकडून शब्द पुन्हा पक्का करून घ्यायचा होता. अडचण एकच, अंगात यायला माणूस पाहिजे. उरलो आम्ही दोघं. माझ्या अंगात आली तर विचारणार कोण? म्हणून चंद्रभागाला कडुनिंबाखाली बसवलं. केस सोड म्हटलं. ती म्हणाली, गुडघा वाकत नाही. पाय पसरून बस म्हटलं, मायला चालतं.

मग मी थाळी वाजवायला लागलो. ऊद जाळला. बराच वेळ वाजवली. तिचे डोळे मिटलेले, मान थोडी हलली, माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, बोल माय. ती म्हणाली, "गॅसवर वरन ठेवलं हाय."

पुन्हा वाजवली. दुसऱ्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे चांगलं लक्षण असतं. मी विचारलं, माय, माझ्या घराला पाणी लागणार का? तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मग केस बांधले आणि लंगडत आत गेली. नकार आला नाही, ही जमेची बाजू.

वरण करपलं होतं. तसंच खाल्लं, देवाचा दिवस.

४ ऑगस्ट, रविवार
शाळेच्या पटांगणात पाणी आलं. शाळा रिकामीच होती, नुकसान शून्य.

घरात साप निघाला. बांध बुडाले की जनावरं उंचावर येतात. मी खाटेवरून सूचना दिल्या, चंद्रभागाने काठीने बाहेर काढला. मारू दिला नाही. देवीने राखण पाठवली असेल. चंद्रभागा म्हणाली, राखण दोनदा डसायला धावली.

दुपारी साहेब लोक बोट घेऊन आले. भोंग्यावर माझं नाव घेऊन बोलावलं. खूप दिवसांनी कोणी पाटील म्हटलं, बरं वाटलं. त्यांना मायचा शब्द समजावून सांगितला. तरणा साहेब फार नम्र होता. म्हणाला, निदान काकूंना पाठवा. मी म्हटलं, कुटुंबसुद्धा यायला राजी नाही. कुटुंब दारात उभं होतं. हातात पिशवी होती, कपडे भरलेली. कधी भरली कोण जाणे. मी तिच्याकडे पाहिलं तशी तिने पिशवी दाराआड ठेवली. साहेबाने ते पाहिलं, मला वाटतं. बोट गेली.

संध्याकाळी तिला रागावलो. परक्यांसमोर घरची शोभा.

१९ ऑगस्ट, सोमवार
हायवेचा रस्ता नाल्यापाशी बुडाला. आता जायचं तर भैय्यालालच्या डोंग्यातून. मी याकडे संरक्षण म्हणून पाहतो. किल्ल्यांना खंदक असायचे.

योगेंद्रला फोन केला. रस्ता कसा आहे विचारलं. म्हटलं, एकदम क्लिअर.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा
आजचा दिवस नीट लिहून ठेवायला पाहिजे.

सकाळी चंद्रभागाने पुरणपोळ्या केल्या. बैल मे महिन्यातच विकले, म्हणून मातीची जोडी पुजली. अकराच्या सुमारास योगेंद्रचा फोन, आम्ही नाल्यापाशी आहो, पुढे तर सगळं पाणीच आहे. आम्ही दोघं या काठाला गेलो. पलीकडे ऑटो उभा. ऑटोला धरून गुड्डी. पोट चांगलं पुढे आलेलं, पाय सुजलेले, इतक्या लांबूनही दिसत होते. मध्ये पाणी. नाला म्हणावा असं काही उरलं नव्हतं, झाडांचे शेंडे होते.

मी हात हलवला, ओरडलो की घाबरू नको, भैय्यालाल डोंगा आणतो आहे, सांभाळून बस म्हणजे झालं. योगेंद्रने काहीतरी म्हटलं, वारा त्याच्या विरुद्ध होता, ऐकू आलं नाही. गुड्डीचं ऐकू आलं.

"बाबा, मी पोटुशी आहो. तुमाले दिसत नाही का?"

मी म्हटलं, मायचा शब्द आहे बेटा, आपल्या घराला काही होत नाही. ती खाली बसली, रस्त्यातच. रडत होती की दम लागला होता, सांगता येत नाही.

डोंगा आला. मी भैय्यालालला सांगत होतो की पोरीला मधोमध बसव. तेवढ्यात चंद्रभागाने लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरून डोंग्यात जाऊन बसली. त्या दुखऱ्या गुडघ्याने. पिशवी होती हातात. मी म्हटलं, अगं तू कुठे, भैय्यालाल आणतो ना तिला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भैय्यालालला म्हणाली, "चाल दादा."

पलीकडे गुड्डी तिच्या गळ्यात पडली. मग तिघं ऑटोत बसले. ऑटो चिखल्याच्या दिशेने नाही, नव्या वसाहतीच्या दिशेने वळला.

पोरीला विश्रांती पाहिजे असेल. संध्याकाळपर्यंत दोघी येतील. पुरणपोळ्या झाकून ठेवल्या आहेत.

३ सप्टेंबर, मंगळवार
आल्या नाहीत. पोळ्या मीच खाल्ल्या.

५ सप्टेंबर, गुरुवार
संकल्प: पहिला फोन मी करणार नाही. पाटलाने करायचा नसतो. त्यांचा फोन आला तर दुसऱ्या रिंगला उचलायचा, पहिल्या नाही.

भात जमला. खालून लागला, वरून कच्चा, मध्ये चांगला होता.

९ सप्टेंबर, सोमवार
भैय्यालालकडे मोबाईल फुल चार्ज करून आणला. नेटवर्क तपासलं, आहे. रिंग तपासली, वाजते.

१४ सप्टेंबर, शनिवार
पाणी गल्लीत आलं. हे धरणाचंच, मी तसं मोकळेपणाने मान्य करतो. आपण पूर्वग्रहाने वागत नाही. पण गल्ली म्हणजे घर नव्हे.

देवीला मदत करणं हे भक्ताचं काम आहे. म्हणून शाळेच्या पडक्या भिंतीच्या विटा आणून उंबरठ्यावर दोन थर चढवले, सिमेंटने लिंपले. उंबरठा जितका उंच तितकं मायचं काम सोपं. आत जाताना पाय फार उचलावा लागतो, एकदा पडलो. कोणी पाहिलं नाही. पाहायला कोणी असतं तर बरं झालं असतं, असं उगाच वाटलं.

कोंबडी आज माझ्याशी बोलायला आली. मी हाकललं. नंतर पुन्हा बोलावलं, आली नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
अंगणात पाणी. तुळस अर्धी बुडाली. कडुनिंबाखालचा टेम्पररी दगड दिसत नाही. तो तसाही टेम्पररी होता.

विटांचा तिसरा थर.

२९ सप्टेंबर, रविवार
पाणी विटांच्या पहिल्या थराला लागलं. मग लक्षात आलं, मायने शब्द उंबरठ्याचा दिला होता. विटा मी लावल्या. विटांची जबाबदारी माझी, मायची नाही. खाली मूळ लाकडी उंबरठा आहे, तो विटांच्या आत सुरक्षित, कोरडा असणार. उकरून पाहायचा मोह झाला, पण शंका घेणं बरं नाही.

पोरीचे दिवस भरत आले. फोन नाही. आज मीच नंबर लावला. संकल्प मोडला असं नाही, एकच रिंग जाऊ दिली आणि कट केला. त्यांनी पाहून करायला पाहिजे होता.

५ ऑक्टोबर, शनिवार
मागची भिंत पडली.

समोर मी विटा रचत बसलो आणि पाणी मागून मातीची भिंत भिजवत होतं. दुपारी बसल्या बसल्या आवाज आला, वळून पाहिलं तर भिंतीच्या जागी धरण. स्वयंपाकघरातून पाणी आत आलं, सगळ्या घरातून फिरलं, आणि समोरच्या विटांमुळे बाहेर जाता येईना म्हणून तुंबलं. उंबरठा भक्कम आहे, हे त्यातल्या त्यात.

माळ्यावर चढलो आहे. इथून लिहितो. पेन बुडाला, पेन्सिल आहे. भीती वाटते. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे. अंधार पडायच्या आधी चंद्रभागाला दोनदा हाक मारली. सवयीने.

माय परीक्षा पाहते आहे. परीक्षेचा शेवटचा पेपर अवघडच असतो.

८ ऑक्टोबर, मंगळवार
भैय्यालाल डोंगा घेऊन कौलांपाशी आला. मी कौलं सरकवून बोललो. त्याने भाकरी आणि झिंग्याची चटणी दिली. मी म्हटलं नको, मग खाल्ली.

जाता जाता म्हणाला, पाटील, नातू मस्त आहे, नाक तुमचंच. मी विचारलं, कोणाचा नातू. तो वल्हं धरून तसाच थांबला. म्हणाला, "बारसंई झालं ना. मले वाटलं तुमाले मालूम असन." कवडूच्या समोरच्या खोलीत पंधरवडा उलटून गेला पोरगा झाल्याला. कवडूने सगळ्या वसाहतीला जेवण दिलं. भैय्यालालने मासे पुरवले होते. किती किलो तेही त्याने सांगितलं. नाव काय ठेवलं विचारायचं राहून गेलं. म्हणजे विचारवलं नाही.

तो म्हणाला, चला, मी नेतो. मी म्हटलं, तू हो पुढे. पेपर अर्धा सोडून उठत नाहीत.

पोरगा झाला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. अष्टमी
आज अष्टमीला माय कवडूच्या अंगात येते. सरळ तिलाच विचारावं असं ठरवलं. सकाळपासून भैय्यालालची वाट पाहिली आणि दिसल्यावर हाक मारली. डोंग्यात बसून मागे पाहिलं. कौलं तेवढी दिसत होती. उंबरठा पाण्याखाली होता, त्यामुळे त्याला पाणी लागल्याचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

नव्या वसाहतीत मायसाठी टिनाचं शेड बांधलं आहे. कोपऱ्यातल्या त्या प्लॉटवर, जो मी नको म्हटला होता. भर घालून उंच केला आहे, पायऱ्या केल्या आहेत. गर्दी होती. दाढी वाढलेली, धोतर कमरेपर्यंत चिखलाचं, तसाच वर चढलो. चप्पल बाहेर काढायचा प्रश्न नव्हता, चप्पल माळ्यावर राहिली.

बायकांच्यात चंद्रभागा बसली होती. मांडीवर बाळ. शेजारी गुड्डी, बारीक झालेली. दाराशी योगेंद्र. मागच्या दोन बायकांच्या बोलण्यातून कळलं की दसरा झाला की सगळे चिखल्याला जाणार, चंद्रभागाही, कायमची. बाळाचं नाक मला दिसलं नाही, टोपडं होतं.

माय आली. एकेकीने विचारलं, माय एकेकीला नावाने उत्तर देत होती. कोणाची म्हैस, कोणाच्या पोराची नोकरी. मी गर्दी सारून समोर जाऊन बसलो. म्हटलं, माय, तू शब्द दिला होतास. माझ्या उंबरठ्याला पाणी लागणार नाही म्हणालीस. मी थांबलो. सगळे गेले, मी थांबलो. माझं घर गेलं.

ढोल थांबला. कवडूने मान वर केली. ते डोळे कवडूचे नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. कवडूला मी पोरवयापासून ओळखतो. ती मायच होती.

"हा कोन होय?" माय म्हणाली.

मी नाव सांगायला तोंड उघडलं. पण माय माझ्याकडे पाहत नव्हती. ती चंद्रभागाकडे पाहत होती, आणि मग सगळेच तिच्याकडे पाहायला लागले. चंद्रभागाने डोक्यावरचा पदर सारखा केला. बाळाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"पाहुना होय, माय."

मायने मान हलवली आणि पाहुण्याला लावतात तसं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. ढोल पुन्हा सुरू झाला. कोणीतरी मला बसायला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली.